चिंबोरीचे डोळे

भानूकाकांना काहीही दाखवायला गेलं की ते आधी मागे सरकायचे. नवी साडी असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर बाजारातून आणलेला पापलेट असो. आपण हौसेनं पुढे धरावं आणि या माणसानं चार पावलं उलटं चालत जावं, डोळे बारीक करावेत आणि तिथून म्हणावं, "हां, आता दिसलं." पहिल्या वेळी मला वाटलं, माझ्या तोंडाला वास येतोय की काय.

पेणमध्ये एका गणपतीच्या कारखान्यात ते आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचे. घडण, रंग, दागिने हे सगळं इतरांचं. बाकी सगळं झालं, रंग वाळला, की शेवटी भानूकाका पाट घेऊन मूर्तीसमोर बसायचे. आजवर किती मूर्तींचे डोळे काढले असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "देव मोजतात का गो?" गेल्या पावसाळ्याच्या आधी ते गेले. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, चौकात फोटोचा बोर्डही लागला होता. मी लिहितेय ते निराळ्या कारणानं. मी त्यांना एक शब्द दिला होता आणि तो मोडला.

मी रोह्याजवळच्या वरसे गावची. आमच्याकडे शिकायचं, कंपनीत लागायचं, शिफ्ट करायची, हा सरळ रस्ता. मी चित्रं काढते म्हटल्यावर आई म्हणाली, मग शाळेत लाग. मी फोनवरचे गेम करते म्हटल्यावर तिनं त्या विषयावर बोलणंच सोडलं. कॉलेजात बरोबर असलेला सुहास प्रोग्रॅम लिहायचा आणि मी चित्रं काढायचे. त्याच्या मामाचा पेणला गणपतीचा कारखाना होता आणि त्यावरचा माळा रिकामा होता, तिथं आमची दोन टेबलं लागली. रोज सकाळी रोह्याहून एसटी पकडायची, नागोठण्यापर्यंत उभं राहायचं, तिथून पुढे बसायला मिळायचं.

आमचा गेम साधा होता. खाडीच्या बांधावरची एक चिंबोरी, म्हणजे खेकडी, भरती यायच्या आत मिठागरातले मिठाचे खडे उचलून बिळात नेते. बोटानं सरकवायचं, बस. भरतीसुद्धा निवांत येते. दवाखान्याच्या बाकावर नंबर लागेपर्यंत खेळावा असा गेम. पण तो फोनमधल्या दुकानात ठेवायचा तर त्याला कव्हर लागतं. तिथं ओळीनं शेकडो चौकोन असतात, नखाएवढे, आणि बघणाऱ्याचं बोट सारखं वर सरकत असतं. त्या बोटाला क्षणभर थांबवायचं, एवढंच कव्हरचं काम. ते थांबलं नाही तर आत तुम्ही दोन वर्षं घासली असोत की चार, कोणाला पत्ताही लागत नाही.

तीन आठवडे खपून मी पहिलं कव्हर केलं. त्यात चिंबोरी होती, मिठाच्या राशी होत्या, खाडी, होडी, मावळता सूर्य, तीन बगळे, आणि वर गेमचं नाव वळणदार अक्षरांत. मी स्वतःवरच खूश होते, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. भानूकाका आमच्या माठातलं पाणी प्यायला माळ्यावर यायचे. त्यांनाही दाखवलं. ते सवयीनं मागे मागे जिन्याच्या तोंडाशी गेले. पडतात की काय म्हणून मी उठले तोवर थांबले.

"बाजार भरलाय काय गो?"

"चित्र आहे काका. गेमचं कव्हर."

"मंग एवढी गर्दी कशाला? मी कोणाकडं बघू? बगळ्याकडं का होडीकडं?"

मी तोऱ्यात सांगितलं की याला कॉम्पोझिशन म्हणतात.

"असंल. दुकानात केवढं दिसतं ते? तेवढं करून फोन दे."

मी कव्हर नखाएवढं करून फोन दिला. तो घेऊन ते खाली उतरले, शेडच्या पार टोकाला फळीवर दोन मूर्तींच्या मध्ये उभा केला आणि मला दाराशी उभं केलं. "आता सांग, काय दिसतं?"

मी डोळे ताणले. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण खाली रंगकाम करणाऱ्या सगळ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. "तपकिरी काहीतरी," मी म्हणाले.

"तीन आठवडं तपकिरी कायतरी काढत होतीस," ते शांतपणे म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी सूर्य काढून टाकला आणि पाचव्या दिवशी बगळे.

मग आमचं जमलं. ते मला शिकवत होते असं म्हटलं तर त्यांना आवडलं नसतं. ते फक्त पाणी प्यायला यायचे, आणि दिवसातून आठदा तहान लागायची. अर्धे डोळे मिटून बघायची सवय मला त्यांच्यामुळे लागली. तसं बघितलं की रेघा नाहीशा होतात आणि रंगाचे ठिपके तेवढे राहतात. "दोन ठिपकं भांडले पायजेत," ते म्हणायचे. "तिसरा आला की पंचायत." मी मागे मिठागराचा फिका पांढरा ठेवला, पुढे एकटी नारिंगी चिंबोरी. होडी गेली, खाडी गेली. नावाची अक्षरं जाड आणि साधी केली. एकदा मी चिंबोरीच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट चढवला, कारण दुकानात चालणाऱ्या बऱ्याच गेमांच्या कव्हरवर काहीतरी चमकत असतं. त्यांनी विचारलं, "गेममध्ये मुकुट मिळतो काय?" मी नाही म्हटलं. "मंग आत नाय ते बाहेर दाखवू नको. माणूस घरी नेऊन शिव्या देतो." मुकुट उतरला.

गणपतीच्या आधी, मूर्ती बघायला माणसं येतात त्या दिवसांत, त्यांनी मला शेडच्या दाराशी स्टुलावर बसवलं. "गिऱ्हाइकाचं तोंड बघत बस. मूर्तीकडं बघू नको." रोह्याजवळच्या अष्टमी गावचं एक कुटुंब आलं होतं. सासूला लाल पितांबराचीच मूर्ती हवी होती, ते ती दारातूनच सांगत आत शिरली. दोन रांगा ओलांडून गेली आणि एका पिवळ्या पितांबराच्या मूर्तीपुढे थांबली. सुनेनं आठवण केली, "अवो, लाल पायजे ना?" सासू म्हणाली, "हा बघतोय गो माझ्याकडं." झालं, पिवळी मूर्ती ठरली. भानूकाकांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांचं इंगित ते पाटावर बसण्यात होतं. बाकीचे आखणीवाले उभ्यानं किंवा मूर्ती वर उचलून डोळे काढतात. भानूकाका मूर्ती टेबलावर ठेवायचे, घरात मखर असतं साधारण तेवढ्या उंचीवर, आणि स्वतः खाली पाटावर. घरातली माणसं गणपतीपुढं खाली बसतात, म्हणून त्याची नजर खाली बसलेल्या माणसाच्या तोंडावर यायला हवी, असा त्यांचा हिशेब. एक बुबुळ काढून झालं की सरकून बाजूला बसायचे, मग मागे, मग पुन्हा समोर. आणि एकदा डोळे काढले की पुन्हा हात लावायचा नाही.

या हट्टापायी एकदा भलतंच झालं. एका गिऱ्हाइकानं डोळे मोठे करून मागितले. काका म्हणाले, दुसरी मूर्ती घ्या, हिला आता दिसतंय, हिच्या डोळ्यांत मी ब्रश घालणार नाही. गिऱ्हाईक चिडून दुसरी घेऊन गेलं आणि ती मूर्ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात एकटी उरली. घरी न्यावी तर घरी एक गणपती होताच. शेवटी त्यांनी ती शेजाऱ्याच्या घरात नेऊन बसवली, ज्याच्याकडे आजवर कधी गणपती नव्हता. आणि एकदा घरात आणला म्हणजे दरवर्षी आणायला लागतो. तो शेजारी अजूनही दर चतुर्थीला उकडीचे मोदक वळता वळता भानूकाकांच्या नावानं बोटं मोडतो, असं काकू सांगतात. बोटं मोडतो आणि पहिला मोदक त्यांच्याच घरी पाठवतो.

मग त्यांचे डोळे बिघडले. मला आधी कळलं नाही. ते माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघायला लागले, तेव्हा मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय. एक दिवस सुहासच्या मामांनी एका मूर्तीकडे बराच वेळ बघितलं आणि पुढे गेले. भानूकाकांनी ते ओळखलं. उठून मूर्तीजवळ गेले, तोंड बाजूला फिरवून कडेच्या नजरेनं ती निरखली, ब्रश धुतला, पुसला आणि खिशात ठेवला. डावं बुबुळ गव्हाभर खाली उतरलं होतं. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग गेलाय, परत येणार नाही, कडेचं तेवढं राहील.

"समोर बघितलं की मधोमध पुसल्यासारखं दिसतं," त्यांनी मला सांगितलं. "तुझं तोंड बघायचं तर तुझ्याकडं बघून चालत नाय. भिंतीकडं बघायचं, मंग कडेला तू येतेस. रंग कळतो, आकार कळतो. रेघ नाय कळत." मग थोडं हसून म्हणाले, "तुला बघायला लावलं तसं झालं बघ. ठिपकंच राहिलं." मला रडू आलं आणि मी रडले. ते ओशाळून माठाकडे गेले.

माझ्या कव्हरवरच्या चिंबोरीला तोवर डोळे नव्हते. खरं म्हणजे होते, पण मी काढलेले, आणि ते कुठंच बघत नव्हते. मीच त्यांना म्हणाले की तुम्ही काढा. मला वाईट वाटत होतं म्हणून म्हणाले, हेही खरं. ते एकदम नाही म्हणाले. दोन दिवसांनी वर आले आणि विचारलं, "चिंबोरी कधी पकडली हायस?"

"नाही."

"माझा बाप मिठागरात होता. आम्ही बांधावर हात घालून काढायचो. माणूस आला की ती आधी डोळं उभं करते, बघते, मंग पळते. त्या मधल्या टायमाला तिला काढायला पायजे. पळाली की संपलं." मग म्हणाले, "फोन कसा धरतात माणसं? तू धर बघू."

मी धरला. त्यांनी भिंतीकडे तोंड करून मला कडेनं न्याहाळलं, माझ्याभोवती एक फेरी मारली. "खाली धरतात. पोटाशी. म्हणजे आपण वरून बघतो. गणपती वरून बघतो, आपण खाली. ह्यात उलटं हाय." मग माझा फोन घेऊन स्वतःच पोटाशी धरून बघितला. "मंग हिनं वर बघायला पायजे. बांधाखालून माणसाकडं बघते तशी."

एवढी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून मला जे सुचलं नाही ते या माणसानं माझ्या मनगटाकडे बघून सांगितलं. आणि तेही धड दिसत नसताना.

स्क्रीनवर काढायला ते तयार नव्हते. कागद घेतला, गणपतीचा ब्रश बाजूला ठेवून सुहासला नवा आणायला लावला, कारण देवाच्या ब्रशानं चिंबोरी काढायची नाही. चार सकाळी लागल्या. ऊन खिडकीतून टेबलावर यायचं तेवढाच वेळ ते काम करायचे. तोंड भिंतीकडे, हात कागदावर. मी श्वास घ्यायला घाबरत होते. एक कागद फाडला, दुसरा फाडला, तिसऱ्यावर दोन देठांवरचे दोन काळे डोळे उभे राहिले, खालून वर बघणारे. मी तो कागद टेबलावर ठेवून वाकून बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि पळावं की नाही हे अजून ठरलं नव्हतं.

"ही शेवटची जोडी," ते ब्रश धुताना म्हणाले. "आता हात लावणार नाय. काय गो बाय, तुझ्या त्या दुकानात ह्यांना कोण बदलणार तर नाय ना?"

"नाही काका. मी बदलू देणार नाही."

"देवाच्या मूर्ती विसर्जन होतात," ते म्हणाले. "ही राहील." त्यांना कधी नव्हे ते कशाचं तरी अप्रूप वाटलेलं मी बघितलं.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. गेम घ्यायला हैदराबादची एक कंपनी तयार झाली. त्यांना गेम आवडला होता, कव्हर नाही. चिंबोरी शांत आहे म्हणाले, काही घडत नाही म्हणाले. तोंड वासलेलं हवं, मागे लाल लाट हवी, डोळे भीतीनं बाहेर आलेले आणि लाटेकडे वळलेले हवेत. असंच चालतं, असं त्यांनी मला नमुने दाखवून समजावलं. सुहास म्हणाला, तू ठरव, तू नाही म्हणालीस तर आपण थांबू. तो खरोखर थांबला असता. म्हणजे दोष त्याच्यावर ढकलायची सोय नाही. आई विचारत होती की त्या गेमचं काय झालं, आणि मला एकदा तरी सांगायचं होतं की झालं. मी एका दुपारी ते डोळे पुसले आणि नवे काढले. पुसायला फार वेळ लागत नाही, कागदावरून स्कॅन करून चढवलेला तो थर कॉम्प्युटरवर बंद करायचा असतो.

गेम दुकानात लागला. माणसांची बोटं थांबली, हे मी कबूल करते. गेम उतरवून घेतला त्यांनी, आणि आत लाट नाही, पळापळ नाही, एक चिंबोरी निवांत मीठ गोळा करतेय, हे बघून शिव्या दिल्या. कव्हरला फसलो, असं किती जणांनी लिहिलं. मुकुटाच्या वेळचं काकांचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मग मी कंपनीला पत्रं लिहिली, पण कव्हर आता त्यांचं होतं आणि त्यांना दुसरे गेम होते.

भानूकाकांना मी काहीच सांगितलं नाही. माळा सोडला, वरसेला घरूनच काम करायला लागले. पेणचं नाव निघालं की मला काम आठवायचं.

वालाच्या शेंगांच्या दिवसांत काकूंचा फोन आला. "येऊन जा गो एकदा. छातीचं दुखणं हाय, उठत नायत. तुझं विचारतात." पेणच्या पुढे खाडीकडच्या गावात त्यांचं घर. पडवीत खाटेवर होते, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला अंगण. काकू खाली बसून वाल सोलत होत्या. खूप बारीक झाले होते. मी हाक मारली तशी आवाज ओळखून म्हणाले, "आलीस? एसटीला गर्दी होती काय?" आईची चौकशी केली, सुहासची केली. मग म्हणाले, "दुकानात लागलं ना आपलं? दाखव."

माझ्या फोनमध्ये जुनं कव्हरही होतं. तेच उघडावं असं मनात आलं. पण काकू मान उचलून बघायला लागल्या, म्हणाल्या, "आमच्या भाचीच्या फोनमध्ये पन हाय म्हनं," आणि माझी हिंमत झाली नाही. मी दुकान उघडलं. लाल लाट, वासलेलं तोंड.

"असा नको," ते म्हणाले. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरला होता. "खाली धर. माणसं धरतात तसा." मी त्यांच्या पोटाजवळ धरला. त्यांनी एकदा फोनच्या दिशेला बघितलं, मग मान भिंतीकडे फिरवली आणि तसेच पडून राहिले. मला वाटलं, थकले.

"बघते काय गो माझ्याकडं?"

"बघते, काका," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्या मनगटावर थोपटलं. मी फोन पर्समध्ये टाकला. सुटले, असं वाटलं मला, कसं सांगू.

चहा झाला. काकूंनी सोललेले वाल पिशवीत बांधून दिले. मी येते म्हणाले, वाकून पाया पडले, अंगणात उतरले. काकू मागून म्हणाल्या, "अवो, चालली ती. बघा तरी." मी फाटकापाशी वळले. भानूकाकांनी उशीवरून डोकं थोडं उचललं होतं, आणि मी जाताना दिसावी म्हणून तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मघाशी फोन बघताना फिरवलं होतं, अगदी तसंच.

मी हात हलवला. भिंतीकडे बघत त्यांनीही हलवला.